800 रुपये देऊन नुसतं बोलायचं?

(पत्र थोडं आटोपशीर केलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

ताई, नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय 46, सातारा जिल्हा. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. पहाटे साडेचारला उठून त्यांचं सगळं आवरते, मग डबे, मग शाळा. दुपारपुरती एक बाई येते, संध्याकाळपासून पुन्हा मीच. दीर पुण्याला असतात, ते पैसे पाठवतात. मिस्टर चांगले आहेत, पण आईंचा विषय निघाला की गप्प होतात. मुलगी बारावीला आहे.

जूनमध्ये एक दिवस हजेरी घेता घेता मला रडू फुटलं आणि ते थांबेचना. डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं तपासलं. रिपोर्ट नॉर्मल आले. त्यांनीच साताऱ्यातल्या एका समुपदेशक मॅडमचं नाव दिलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीने जाते. आतापर्यंत सहा वेळा गेले. एका वेळेचे 800 रुपये.

मॅडम स्वभावाने फार चांगल्या आहेत, पण त्या काही सांगतच नाहीत. मी विचारलं, 'मी काय करू ते सांगा ना', तर म्हणाल्या, 'हा प्रश्न किती दिवस तुम्ही एकट्याच वागवताय.' एकदा मी म्हणाले, मला आईंचा राग येतो. त्या म्हणाल्या, 'राग येतो, आणि आला की स्वतःचीच लाज वाटते.' त्यावर मी वीस मिनिटं नुसती रडले. घरी आल्यावर मिस्टर म्हणाले, '800 रुपये देऊन रडून आलीस? मग घरीच रडायचं, फुकटात.' ते चिडून बोलले नाहीत, पण मला पटलं. जाऊबाई म्हणतात, एवढं बोलायचंच असेल तर मला फोन करत जा. पहाटे कधी कधी वाटतं, झोपलेली उठूच नये. मग आईंची हाक येते आणि मी उठते.

जाणं बंद करू का? की स्पष्ट काय ते सांगणारं दुसरं कोणी शोधू?

ता. क. मागच्या रविवारी नणंदेला फोन केला. म्हटलं, दिवाळीत आठ दिवस इथे येऊन आईंजवळ राहा. लग्नाला 22 वर्षं झाली, त्यांना असं कधी काही सांगितलं नव्हतं. त्या हो म्हणाल्या नाहीत. बघते म्हणाल्या.

—

प्रिय बाई,

शाळेत सगळे तुम्हाला 'बाई'च म्हणत असतील, म्हणून मीही तेच म्हणते.

तुमच्या प्रश्नाआधी मला पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबायचं आहे. जाऊबाईंचा फोन आणि सासूबाईंची हाक यांच्या मधे तुम्ही ते लिहून मोकळ्या झालात आणि पुढे गेलात. झोपलेली उठूच नये. हे मॅडमना सांगितलंय का? पत्रावरून वाटतं, नसेल. तीन वर्षं पुरती झोप न मिळालेल्या माणसाच्या मनात असा विचार येतो, आणि बरेचदा त्याला मरण नको असतं, हे सगळं थोडा वेळ थांबायला हवं असतं. पण तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे पत्रावरून ठरवायला मी धजणार नाही. या शनिवारी खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं हेच सांगा. आणि त्याआधी एखाद्या पहाटे तो विचार येऊन निघून न जाता मनात घोळायला लागला, कसं आणि केव्हा इथपर्यंत पोचला, तर शनिवारची वाट पाहू नका. मिस्टरांना उठवा. 14416 हा नंबर फिरवा. ही सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री कधीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं.

आता मूळ प्रश्न. जाणं बंद करू नका, असं माझं मत आहे. निदान एवढ्यात नाही. का, ते सविस्तर सांगते, कारण तुमची तक्रार खोटी नाही. ज्याला उत्तर हवंय त्याच्यासमोर उत्तर न देणारं माणूस बसलं, तर कोणालाही फसल्यासारखं वाटेल.

मॅडम ज्या रीतीने काम करताहेत ती मला ओळखीची वाटते. तिला व्यक्तिकेंद्री समुपदेशन म्हणतात, आणि ती ज्यांच्यापासून सुरू झाली ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स स्वतः आधी तुमच्या मनातल्या समुपदेशकासारखेच होते, स्पष्ट काय ते सांगणारे. 1928 पासून सुमारे बारा वर्षं त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम केलं. तिथे एक आई आपल्या अतिशय व्रात्य मुलाची तक्रार घेऊन यायची. रॉजर्सना दुखणं कळलेलं होतं: मूल तान्हं असल्यापासून तिने त्याला मनातून दूरच ठेवलं होतं. भेटीमागून भेटी झाल्या, परोपरीने समजावून झालं, पण ते तिच्या गळी उतरेना. शेवटी रॉजर्स तिला म्हणाले, आपण दोघांनी प्रयत्न केला, जमलं नाही, थांबू या. तिलाही ते पटलं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही बघता का? हो म्हटल्यावर ती परत येऊन बसली आणि नवऱ्याशी काय बिनसलंय, आपण कशा हरलोय, कुठे अडकलोय, ते बोलायला लागली. एवढे दिवस तिने दिलेल्या कोरड्या माहितीत यातलं काहीच आलं नव्हतं. पुढे रॉजर्सनी विशेष काही 'केलं' नाही. ऐकत गेले. त्या घरातलं बिनसलेलं सावरत गेलं आणि पोराचा त्रासही कमी झाला.

कुठे दुखतंय आणि कोणत्या दिशेने जायचंय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, ही गोष्ट या बाईने आपल्याला शिकवली, असं रॉजर्स पुढे लिहीत. त्यांचं निदान कदाचित बरोबरही असेल, पण ते तिच्या उपयोगाचं नव्हतं.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. मी समुपदेशनाचं काम नवीन सुरू केलं तेव्हा माझ्याकडे एक मुलगी यायची. नोकरी चांगली होती, पण लग्नाच्या प्रश्नावरून घरात रोज भांडणं. दुसऱ्याच भेटीत मला सगळं लख्ख दिसलं आणि मी तिला सांगून टाकलं: वेगळी खोली घे, सहा महिने घरापासून लांब राहा. ती मान हलवत ऐकत होती. आभार मानून गेली, ती परत आलीच नाही. वर्षभराने बाजारात भेटली तेव्हा मी विचारलं. ती म्हणाली, 'तुम्ही बरोबरच सांगितलंत हो. पण तेच माझी मैत्रीण सांगत होती, मामीही सांगत होती. मला ते का जमत नाही, हे कोणी विचारलंच नाही.' तिचं हे बोलणं मी विसरलेले नाही.

तुमच्या घराकडे जरा असं बघा. तुम्ही काय करावं याबद्दल मत नसलेलं माणूस त्यात किती? मिस्टरांचं मत आहे, जाऊबाईंचं आहे. दीर पैसे पाठवतात, म्हणजे त्यांनीही आपल्यापुरतं ठरवलंय की बाकीचं तुम्ही बघाल. डॉक्टरांचं आहे. शेजारपाजार, शाळेतल्या सहकारी यांचीही असतील. यात एकच खोली अशी आहे जिथे अजून कोणी तुम्हाला काही सांगितलेलं नाही, आणि तिथे तुम्ही जाऊन म्हणताय, 'मी काय करू ते सांगा ना.' मला तुमचा राग नाही आला हो हे वाचून. पोटात तुटलं. माणसाने सांगितलेलं ऐकायची इतकी सवय झालेली असते की कोणी सांगेनासं झालं की हातपाय गळतात.

1965 साली एक शैक्षणिक चित्रपट निघाला. त्यात एकच स्त्री तीन वेगवेगळ्या उपचारकांशी बोलते, आणि त्यातले एक रॉजर्स आहेत. ती घटस्फोटित आहे. लहान मुलीने तिला तिच्या आयुष्यातल्या पुरुषांबद्दल प्रश्न विचारलाय आणि ती मुलीशी खोटं बोललीय. खरं सांगावं की नाही, हे तिला रॉजर्सकडून हवंय, आणि ती ते सरळ मागते. रॉजर्स तिला टाळत नाहीत. तुम्हाला काय सांगायचं याचं उत्तर मला देता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं, अशा अर्थाचं ते मनापासून बोलतात. ती अगतिक होते, थोडी चिडतेही. पण त्या अर्ध्या तासात हळूहळू दिसायला लागतं की तिची खरी ओढ मुलीला काय सांगावं यापेक्षा स्वतःशी खरं राहता येईल का, इकडे आहे. उत्तर मिळालं असतं, तर ती इथपर्यंत आली असती असं मला वाटत नाही.

आता मॅडमचं ते वाक्य. 'राग येतो, आणि आला की स्वतःचीच लाज वाटते.' बाई, तुम्ही फक्त रागाबद्दल बोलला होतात. लाजेचा शब्दही काढला नव्हता. तो त्यांनी कुठून आणला? तुमच्या आवाजातून, खाली गेलेल्या मानेतून, तुम्ही म्हणताना जिथे अडखळलात तिथून. रडू आलं ते रागाला आलं असं मला वाटत नाही. ती लाज तीन वर्षं कोणाला दिसली नव्हती, आणि त्या दिवशी कोणाला तरी दिसली आणि तरीही ते माणूस खुर्ची मागे सरकवून बसलं नाही. याला समानुभूती म्हणतात. सहानुभूती तुम्हाला भरपूर मिळत असणार: 'किती करता हो तुम्ही, धन्य आहे तुमची.' ती ऐकली की माणूस आणखी गप्प होतं, कारण धन्य असलेल्या सुनेला राग येऊन चालत नाही.

आपल्याकडे पोरीला लहानपणापासून प्रेम अटी घालून मिळतं. शहाणी मुलगी उलट बोलत नाही. गुणी सून कपाळाला आठी घालत नाही. रॉजर्सचं म्हणणं असं की या अटी आपण इतक्या आत घेतो की पुढे कोणी घालायची गरजच उरत नाही, आपणच स्वतःला घालत राहतो, आणि अटीत न बसणारं जे जे मनात येतं ते आपलं नाहीच म्हणून ढकलून देतो. ढकललेलं जात नाही. ते हजेरी घेताना फुटतं. म्हणून समोरच्या माणसाने काही काळ तरी एकही अट न घालता तुम्हाला आहे तसं घेणं, हा या पद्धतीचा पाया आहे. त्याच्या जोडीला समानुभूती आणि तिसरा खरेपणा, म्हणजे मॅडमनी आतून एक आणि बाहेरून एक असं वागू नये. 1957 साली रॉजर्सनी हे तिन्ही धरून सहा अटी मांडल्या आणि म्हटलं, माणूस बदलायला एवढं आवश्यक आहे आणि एवढं पुरेसंही आहे. या गोष्टी महत्त्वाच्या आहेत हे आज बहुतेक सगळ्याच पद्धतींचे लोक मानतात. पुरेसं आहे यावर वाद आहे, आणि तो मला रास्त वाटतो. त्याकडे पुढे येतेच.

जाऊबाईंना फोन करावा की नाही? खुशाल करा, त्यांनी आपणहून म्हटलंय, त्यात माया आहे. पण जाऊबाई या प्रश्नाच्या बाहेर उभ्या नाहीत. पैसे त्यांच्या घरातून येतात आणि आई इथे राहतात, या मांडणीत त्यांचंही सुख-दुःख गुंतलंय. 'मला आईंचा राग येतो' हे वाक्य त्यांच्या कानावर घातलंत, तर ते दिवाळीपर्यंत तुमच्या दोघींतच राहील का? शेजारणीशी बोलताना तुम्ही निम्मं लक्ष तिला काय वाटेल इकडे ठेवता. तिचंही ऐकून घ्यावं लागतं, तिच्या सासूची गोष्ट आलीच. त्या खोलीतल्या तासात तुम्हाला कोणाचंही बघायचं नसतं. दिवसातल्या बाकीच्या तेवीस तासांत असा एक तरी तास आहे का, तुम्हीच सांगा.

मिस्टरांचं बोलणं तुम्हाला पटलं म्हणता. मला ते वाचून वेगळंच वाटलं. घरी रड, फुकटात. पण घरी तुम्ही रडत नव्हता, बाई. घरात तीन वर्षं जागा नव्हती रडायला. म्हणून तर ते वर्गात झालं.

हे सगळं म्हणजे गप्प बसणारा प्रत्येक समुपदेशक चांगला, असं मुळीच नाही. ऐकणं आणि नुसतं गप्प बसणं यांत फार फरक आहे, आणि या पद्धतीच्या नावाखाली काही न करता फी घेणारी माणसंही असतात. रॉजर्सनी भेटी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आणि 1942 च्या आपल्या पुस्तकात एका माणसाच्या आठच्या आठ भेटी शब्दशः छापल्या, ते याचसाठी मला मोलाचं वाटतं. बंद दाराआड नेमकं काय चालतं, ते त्यांनी जगासमोर ठेवलं. तुमच्याकडे तबकडी नाही, पण तुम्ही स्वतः आहात. मागच्या वेळी बोललेलं मॅडमच्या लक्षात असतं का? त्या जे बोलतात ते तुमचेच शब्द फिरवून असतं, की त्यातून तुम्हालाच आपल्या मनातलं आणखी स्वच्छ दिसतं? मधेच फोन बघतात का? स्वतःच्या घरच्या कहाण्या, उपास-तापास, 'थोडं ॲडजस्ट करा' असलं काही येतं का? त्यांनी चुकीचं समजून घेतलं आणि तुम्ही 'नाही हो, तसं नाही' म्हणालात, तर त्या आपलं म्हणणं सोडून तुमच्याकडे येतात का? या शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देते. पत्रात तुम्ही त्यांची दोनच वाक्यं लिहिलीत. ती दोन्ही मन लावून ऐकणाऱ्या माणसाची वाक्यं आहेत.

शिक्षण विचारायला संकोच करू नका. आपल्याकडे 'समुपदेशक' अशी पाटी थोडक्या दिवसांचा कोर्स करून लावलेलीही दिसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असायला हवी, ती मागून बघता येते. समुपदेशकाकडे मानसशास्त्रातलं किंवा समुपदेशनातलं रीतसर शिक्षण असावं. शिवाय त्या स्वतः अनुभवी व्यक्तीशी आपल्या कामाबद्दल नियमित बोलतात का, हेही विचारा. चांगला समुपदेशक अशा प्रश्नांनी दुखावत नाही.

आता पुरेसं आहे की नाही, ते. माझं मत स्पष्ट आहे: सगळ्यांना नाही, आणि सगळ्या वेळी नाही. रॉजर्सनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर काम करून पाहिलं, तेव्हा हाती आलेलं यश बेताचंच होतं. नैराश्याबद्दल इंग्लंडमध्ये शेफील्डला पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांनी पाहिलं तर या पद्धतीने आणि विचार-वर्तन उपचाराने, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीने, सारखाच फरक पडलेला दिसला. वर्षभरानंतर मात्र दुसरी पद्धत सरस ठरली. महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करणारे बरेच जण आहेत. ते तुमच्या मनातल्या 'मी हे केलंच पाहिजे' अशा वाक्यांना थेट हात घालतात, घरी करायला अभ्यास देतात. शिक्षिका असल्याने तुम्हाला ते आवडूही शकेल. तेव्हा 'स्पष्ट सांगणारं कोणी' शोधण्यात गैर काही नाही. फक्त आत्ता, आतलं नुकतंच बाहेर यायला लागलेलं असताना, घरच्यांना खर्च खटकतोय म्हणून माणूस बदलू नये, एवढंच मला वाटतं.

आणि एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून या. थायरॉइड नॉर्मल आला म्हणजे नैराश्य नाही असं होत नाही, त्याची तपासणी रक्तात होत नाही. झोप, भूक, पहाटेची ती जाग, तो विचार, हे सगळं त्यांना सांगा. जिल्हा रुग्णालयात दाखवलंत तर खर्चही फारसा येणार नाही. गोळी दिली तर ती घेत मॅडमकडे जाता येतं. एकाने दुसऱ्याचं काम अडत नाही. शाळेत कळेल ही भीती असेल, तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तुमच्या बाजूने आहे. उपचारांची माहिती गोपनीय राहणं हा त्यात रुग्णाचा हक्क आहे.

माझ्याकडे आणखी एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. अंथरुणावर असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री ती कोण बदलतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मला उत्तर ठाऊक आहे असं वाटतं. कितीही प्रेमाने ऐकणारं माणूस मिळालं तरी ते रात्री दोन वाजता तुमच्याऐवजी उठणार नाही. दुपारच्या बाईऐवजी किंवा तिच्या जोडीला रात्रीची बाई ठेवायला किती खर्च येतो याची चौकशी करा, आणि तो आकडा दिरांसमोर ठेवा. आठवड्यातल्या दोन रात्री जरी मिस्टरांनी वाटून घेतल्या, तरी तुम्ही सलग पाच-सहा तास झोपाल. ही माहिती मॅडमकडेही मागता येते. सल्ला न देणारी माणसं माहिती लपवत नाहीत. हवेची किंवा पाण्याची गादी कुठे भाड्याने मिळते, फिजिओथेरपिस्ट घरी येतात का, हे त्यांना विचारलंत तर त्या 'तुम्हाला काय वाटतं' म्हणणार नाहीत.

फीबद्दलही बोला. महिन्याचे 3200 रुपये थोडे नव्हेत. कमी करता येतील का, पंधरा दिवसांनी आलं तर चालेल का, हे विचारणं अपमानाचं नाही. फक्त तो पहाटेचा विचार आधी सांगा आणि मग किती दिवसांनी यायचं ते दोघींनी मिळून ठरवा.

राहिला तुमचा ता. क.

रॉजर्स लहानपणची एक आठवण सांगत. हिवाळ्यासाठी तळघरात साठवलेल्या बटाट्यांना त्या अंधारातही कोंब फुटायचे. फिकट, अशक्त, पण दोन-दोन तीन-तीन फूट वाढलेले, उंचावरच्या लहानशा खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या रोखाने. तुमचा ता. क. वाचताना मला तेच आठवलं. 22 वर्षांत नणंदेला एकदाही काही मागितलं नव्हतं, आणि मागच्या रविवारी मागितलंत. कोणी सांगितलं होतं तुम्हाला फोन करायला? मिस्टरांनी नाही, जाऊबाईंनी नाही, मॅडमनी तर नाहीच, त्या काही सांगतच नाहीत हीच तर तुमची तक्रार आहे. सहा शनिवार झाल्यानंतरच्या रविवारी तो फोन तुमच्या हातून झाला. तो मॅडममुळे झाला असं मी म्हणत नाही, मला ते सिद्ध करता येणार नाही. पण तुम्ही तो पत्राच्या तळाशी, सही करून झाल्यावर लिहिलात, जणू पत्राशी त्याचा काही संबंध नाही. माझ्या मते पत्रातली सगळ्यांत मोठी बातमी तीच होती.

नणंद 'बघते' म्हणाल्या. पुन्हा फोन करा. दिवाळीच्या आधी तारखा विचारा, रजा लागत असेल तर आत्ताच टाकायला सांगा. त्या आल्या नाहीत तर वाईट वाटेल, तेही शनिवारी घेऊन जा.

आणि मला जे लिहिलंत ते मॅडमना तोंडावर सांगा: तुम्ही काही सांगत नाही याचा मला राग येतो, पैसे वाया जातात असं वाटतं. मोठ्या माणसाला, मदत करणाऱ्याला, असं बोलायचं नसतं हे तुमच्या अंगात मुरलेलं आहे, म्हणून अवघड जाईल. त्या कशा घेतात ते पाहा. दुखावल्या, स्वतःचं समर्थन करायला लागल्या, तर निर्धास्त दुसरं माणूस शोधा, मीच तुम्हाला शोधा म्हणेन. राग दिला आणि तो त्यांनी घेतला, तर मात्र तुमच्या आयुष्यात हे कदाचित पहिल्यांदाच होईल, आणि त्यानंतर सासूबाईंवरच्या रागाबद्दल बोलणं तुम्हाला आजच्याइतकं जड जाणार नाही.

पत्राची प्रत ठेवली असेल तर शनिवारी पर्समध्ये टाका. बोलायला जमलं नाही तर वाचून दाखवा. पहाटेचं ते वाक्य आधी, आणि मग ता. क.